आरएफआय, आरएफक्यू की आरएफपी : पुरवठादाराला कोणत्या वेळी काय पाठवावे?

आपली उत्पादन विभागातून खरेदी विभागात नुकतीच बदली झाली आहे आणि कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याची) खोकी व छपरावरील सौर यंत्रणा अशा दोन खरेद्या आपल्यासमोर आहेत. माहितीची विनंती म्हणजे आरएफआय, दराची विनंती म्हणजे आरएफक्यू आणि प्रस्तावाची विनंती म्हणजे आरएफपी, या व्याख्या वाचूनही कोणत्या वेळी काय पाठवावे हे उलगडत नाही, असे आपण लिहिले आहे. नाशिकजवळच्या एका यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी विभागात मी बरीच वर्षे काम केले असल्याने त्या अनुभवावरून उत्तर देतो.

ही निवड रकमेवरून करू नये, ही माझी पहिली विनंती. पन्नास लाखांचे पोलाद आरएफक्यूवर निर्धास्त घेता येते आणि दोन लाखांच्या सॉफ्टवेअरला आरएफपी लागू शकते. मी एकच कसोटी लावतो : विनंती पाठवण्यापूर्वी तुलनात्मक तक्ता कोराच आखून पाहतो. त्या तक्त्यात दर, कर, वाहतूक, पुरवठ्याची मुदत आणि पैसे देण्याची मुदत एवढ्याच ओळी उरत असतील, म्हणजे वस्तू कशी हवी हे सर्वस्वी आपणच ठरवलेले असेल, तर आरएफक्यू पाठवावी. गरज आपल्याला नेमकी सांगता येते, पण ती भागवण्याचा मार्ग पुरवठादाराने सुचवायचा आहे, असे असेल तर आरएफपी. आणि तक्त्यात कोणत्या ओळी असाव्यात हेच सुचत नसेल, तर आपण अजून आरएफआयच्या पायरीवर आहोत हे मान्य करावे.

ही कसोटी मला एका चुकीतून मिळाली. कारखान्यातील जुना कॉम्प्रेसर, म्हणजे यंत्रांना दाबाखालची हवा पुरवणारे यंत्र, बदलायचा होता, म्हणून मी तीन पुरवठादारांना ‘७५ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर, दर कळवावा’ अशी आरएफक्यू पाठवली. आलेल्या तीन दरपत्रकांपैकी एकात एअर ड्रायर (हवेतील ओलावा काढणारे उपकरण) धरलेला होता, दुसऱ्यात तो नव्हता, तिसऱ्याने व्हीएफडी (गरजेनुसार मोटरचा वेग बदलणारे उपकरण) असलेले यंत्र देऊ केले होते. शिवाय हवेचा प्रवाह कोणी ७ बार (दाबाचे एकक) दाबाला, तर कोणी ८ बारला धरून लिहिला होता. दर शेजारी शेजारी मांडूनही त्यांतून काही निष्पन्न होईना. दोष पुरवठादारांचा नव्हता. ७५ किलोवॅट हा आकडा मी जुन्या यंत्राच्या नावपट्टीवरून उचलला होता आणि कारखान्याला प्रत्यक्षात किती हवा लागते हे कोणी मोजलेच नव्हते.

ती आरएफक्यू आम्ही रद्द केली, तिघांनाही तसे लेखी कळवले आणि मग दराचा उल्लेखही न करता आरएफआय पाठवली : हवेची गरज कशी मोजावी, गळती कशी शोधावी, व्हीएफडी कोणत्या परिस्थितीत परवडतो. उत्तरांतून आम्ही खूप शिकलो. सुट्टीच्या दिवशी सर्व यंत्रे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवावा आणि तो किती वेळ लोडवर जातो, म्हणजे प्रत्यक्ष हवा दाबतो, हे घड्याळ लावून मोजावे, म्हणजे गळती कळते, ही साधी पद्धत एका पुरवठादाराने सांगितली. गळत्या बंद केल्यावर ८ बारची खरी गरज नाही, ७ बारवर काम भागते, हेही लक्षात आले. आणि दाब १ बारने उतरवला की वीज साधारण ६ ते ७ टक्के वाचते.

त्यानंतर पाठवलेल्या आरएफपीत आम्ही किलोवॅटचा उल्लेखच केला नाही. प्रत्येक पाळीत लागणारी हवा, दाब, आयएसओ ८५७३-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हवेच्या शुद्धतेचा वर्ग आणि यंत्रगृहाचे मोजमाप दिले, आणि कॉम्प्रेसरच्या चाचणीच्या आयएसओ १२१७ या मानकानुसार मोजलेला विजेचा वापर मागितला. मूल्यमापन किंमत अधिक दहा वर्षांचे वीजबिल यांच्या बेरजेवर होईल, हेही त्यातच लिहिले. याचे कारण हिशेबात आहे : ७५ किलोवॅटचे यंत्र पूर्ण भाराने वर्षाला ६,००० तास चालले तर साडेचार लाख युनिट वीज लागते, म्हणजे युनिटला ९ रुपये धरले तरी ४० लाखांहून अधिक रुपये. एका वर्षाचे वीजबिल जिथे यंत्राच्या किमतीला मागे टाकते, तिथे सर्वांत कमी दराला ऑर्डर देण्यात अर्थ नव्हता.

सरकारी खरेदीतही हाच विचार दिसतो. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १६३ दोन लिफाफा पद्धतीचा आहे, ज्यात तांत्रिक लिफाफा आधी उघडतात आणि त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडला जातो. तांत्रिक तपशील आधी निश्चित करणे शक्य नसते अशा खरेदीसाठी नियम १६४ मध्ये दोन टप्प्यांची निविदा आहे, ज्यात पहिल्या टप्प्यात किंमत न मागता केवळ तांत्रिक प्रस्ताव मागवले जातात.

एका गोष्टीबद्दल मला फार कळकळीने सांगावेसे वाटते. चांगला प्रस्ताव तयार करताना पुरवठादाराचे अभियंते जागेवर येतात, मोजमाप घेतात, आराखडा काढतात, आणि हे सर्व ते ऑर्डरच्या आशेवर, पदरमोड करून करतात. एकाचा आराखडा घेऊन त्यावर दुसऱ्याकडून आरएफक्यूने दर मागवणे हा अन्याय आहे, आणि पुढच्या वेळी तो पुरवठादार आपल्याला मनापासून उत्तर देत नाही. ज्यांना ऑर्डर देण्याची खरी तयारी आहे अशा तीन-चार जणांनाच आरएफपी पाठवावी आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांना कारणासह कळवावे.

आता आपल्या खरेद्यांकडे वळतो. खोक्यांसाठी सरळ आरएफक्यू पाठवावी. मात्र आतील मापे, प्लाय (पुठ्ठ्यातील कागदाचे थर), कागदाचे जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम), बर्स्टिंग स्ट्रेंथ (फुटण्यापूर्वी पेलला जाणारा दाब), छपाईचे रंग, महिन्याची संख्या आणि माल कोठे पोहोचवायचा हे त्यात असलेच पाहिजे, नाहीतर प्रत्येक जण आपल्या सोयीचा कागद धरून दर देईल. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर पैसे देण्याची मुदत ९० दिवस लिहू नये, कारण सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार ती लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही.

सौर यंत्रणेसाठी मात्र आधी आरएफआय. यंत्रणा स्वतःच्या भांडवलाने उभारावी, की गुंतवणूक विकासकाची आणि आपण फक्त युनिटमागे दर द्यावा, हे ठरल्याशिवाय दर मागण्यात अर्थ नाही; छप्पर पत्र्याचे आहे की स्लॅबचे आणि ते किती भार पेलेल, हेही त्याच टप्प्यात तपासून घ्यावे. हे निश्चित झाल्यावर बारा महिन्यांची वीजबिले आणि छपराचा नकाशा जोडून आरएफपी पाठवावी, आणि वर्षाला किती युनिट मिळतील याची लेखी हमी व ती पूर्ण न झाल्यास द्यावयाची भरपाई, या दोन ओळी आपल्या कोऱ्या तक्त्यात आधीच आखून ठेवाव्यात.