चर्चमध्ये सगळं रीतसर होतं, पण मन लागत नाही. विधी सोडून घरीच भक्ती केली तर चालेल का?

चर्च सोडू नका, हे आधीच सांगतो. तुम्ही लिहिलंय की दर रविवारी गाणी, पापांगीकार, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) सगळं पार पडतं, पण तोंड चालू आणि मन भलतीकडे. ही तक्रार फार जुनी आहे. यशया २९:१३ मध्ये खुद्द देवच ती करतो: लोक ओठांनी मान देतात, अंतःकरण मात्र दूर. येशूने तेच वचन परुश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला, ऐकवलं. पण तोच येशू शब्बाथ दिवशी नेमाने सभास्थानात जायचा (लूक ४:१६). म्हणजे नेम वाईट नव्हता.

'चर्च की घर' हा वादही नवा नाही. शोमरोनी बाईने विहिरीवर येशूला असंच विचारलं: उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात? त्याने जागेचा मुद्दाच बाजूला ठेवला. खरे उपासक आत्म्याने व खरेपणाने उपासना करतील, म्हणाला (योहान ४:२३). त्याआधी तिच्या पाच नवऱ्यांचा विषय निघाला होता, तो वाचताना आपण भरभर पुढे जातो. खरेपणा तिथेच सुरू झाला होता.

म्हणून मनापासून म्हणजे डोळ्यांत पाणी, अंगावर काटा, असं धरून बसू नका. पुण्यात गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयातला छापील उपासनाक्रम असो, नाहीतर वाकडच्या एखाद्या हॉलमधली टाळ्यांची फेलोशिप. दोन वर्षांत तिथेही ठरलेल्या जागी ठरलेलं 'हालेलुया' येतं. तोही विधीच झाला! केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली संजीवन (आध्यात्मिक जागृती) झालं, तेव्हा मुली मोठमोठ्याने रडून प्रार्थना करत होत्या. पण त्या रडण्यात पापांची कबुली होती, आणि नंतर त्या गावोगाव सुवार्ता सांगायलाही गेल्या. हा भाग सोडून नुसता आवाज उचलला तर घसा बसतो, बाकी काही होत नाही.

आता करायचं काय? बहुतेक काम शनिवारी रात्रीचं आहे, वीस मिनिटांचं. उद्याच्या उपासनेतली बायबलची वाचनं पाळकांकडून आधी विचारून घ्या आणि एकदा मोठ्याने वाचा. मग कागद घेऊन आठवड्यातली पापं नावानिशी लिहा. 'मी प्रेमात कमी पडलो' असलं मोघम नको. 'गुरुवारी सहकाऱ्याचं काम माझ्या नावावर खपवलं' असं लिहा. रविवारी सगळे मिळून पापांगीकार म्हणताना मनात ही ओळ असली की ते शब्द पोकळ राहत नाहीत. कागद नंतर फाडून टाका.

त्या यादीत कुणाचं मन दुखावलेलं असेल तर अर्पण ठेवण्याआधी समेट, हा मत्तय ५:२३-२४ चा क्रम आहे. फोन करा. 'काही चुकलं असेल तर माफ कर' असा मेसेज टाकून सुटू नका, त्यात चूक कबूलच केलेली नसते. कामवाल्या मावशींचा पगार थकलाय का, तेही पाहा. आमोस ५ मध्ये देव सण आणि गाणी नको म्हणतो, ते असल्याच अन्यायापायी.

रविवारी दहा मिनिटं आधी पोचा. कॅम्पात पार्किंग शोधून धापा टाकत पहिल्या गाण्याला घुसलात तर अर्धी उपासना श्वास लागण्यातच जाते. बायबल मोबाइलवर वाचू नका, पुस्तक न्या. ना. वा. टिळकांची भजनं अभंगाच्या वळणाची आहेत, ती संथ म्हणा. पेटी-तबला पळायला लागला की अर्थ मागे राहतो. प्रभूची प्रार्थना चर्चमध्ये अर्ध्या मिनिटात उरकते. घरी रोज एकदा ती एकेका वाक्यावर थांबून म्हणा, पाच मिनिटं लागू द्या. इंग्रजी सर्व्हिसला जाणाऱ्यांना एक सांगतो: घरात भांडता मराठीत, तर एकांतातली प्रार्थनाही मराठीतच करा. पाठ केलेली इंग्रजी वाक्यं फार गुळगुळीत असतात.

प्रभुभोजनाबद्दल मोठा घोळ आहे. १ करिंथ ११ मधली 'अयोग्य प्रकारे' भाकर खाण्याबद्दलची ताकीद वाचून कित्येक जण 'मी लायक नाही' म्हणत महिनोन्‌महिने मागच्या बाकावर बसून राहतात. मागची वचनं वाचा. करिंथात काही जण आधीच पोटभर जेवून, पिऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. पौलाचा राग त्यावर आहे. २८ व्या वचनात तो स्वतःला पारखा आणि मग खा म्हणतो, उठून जा म्हणत नाही. (कॅथलिक असाल आणि पाप गंभीर असेल तर आधी फादरांकडे कन्फेशन, तो नियम वेगळा.)

एवढं करूनही कोरडंच वाटलं तर तेच देवापुढे बोला, उसना उत्साह आणू नका. स्तोत्र १३ मध्ये 'कोठवर?' हा सवाल पुन्हा पुन्हा येतो, आणि स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. तरी दोन्ही शास्त्रात आहेत, ती शब्दशः म्हणा. महिना-दोन महिने असंच चाललं तर पाळकांना भेटा. सोबत झोप आणि भूकही गेली असेल तर डॉक्टरांनाही दाखवा, कारण मग अडचण नुसती उपासनेची नसण्याची शक्यता आहे.