पळायचं की डबा शोधायचा?

कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या आधारे शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा, हा जिओकॅशिंगचा खेळ. मे 2000 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात त्याची सुरुवात झाली. या वेळचे प्रश्न त्याला व्यायामाची जोड देणाऱ्यांचे आहेत.

आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड पळत चढतो. वाटेत डबा शोधायला थांबलो की पंधरा-वीस मिनिटं जातात, अंग थंड पडतं आणि पाय जड होतात. दोन्ही जमवायचं कसं? (वाचक, धायरी)

आधी व्यायाम ठरवा, मग डबा निवडा. ही चढाई सुमारे 600 मीटरची आहे. दर दहा मिनिटांनी थांबलात तर तिचा कस निघून जातो. म्हणून जिथे नाहीतरी दम खाणार, म्हणजे चढ संपतो किंवा मागे फिरायचं असतं, त्याच टप्प्यावरचा डबा घ्या. आपल्याकडे डबे विरळ आहेत, त्यामुळे मोह फारसा होत नाही. प्रत्येक डब्याला शोधण्याची कठीणता आणि वाटेची कठीणता असे दोन आकडे असतात, 1 ते 5, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे. पळताना पहिला आकडा 2 पर्यंतच ठेवा. साडेतीनचा डबा रविवारी, नुसतं चालायला जाल तेव्हा.

डब्यापासून तीस मीटरवर आलात की घड्याळाचं लॅपचं, म्हणजे पुढचा टप्पा वेगळा मोजायचं बटण दाबा. शोधाला आठ मिनिटं द्या, त्याहून जास्त नाही. मिळाला नाही तर ‘सापडला नाही’ अशी नोंद करून पुढे निघा. डब्याच्या मालकाला त्या नोंदीचा उपयोगच होतो. झाडीत जीपीएस भरकटतं आणि घड्याळ उभ्याउभ्या अंतर वाढवत राहतं. लॅप वेगळा असला की पळण्याचा खरा वेग कळतो.

वेळ खरा जातो तो शेवटच्या दहा मीटरांत. मोकळ्यावर फोन साधारण पाच मीटर चुकतो, कड्याखाली त्याहून बराच. शिवाय डबा लपवणाऱ्याच्या यंत्राची चूक वेगळीच. तिथे फोन खिशात घाला आणि काय ‘ठेवल्यासारखं’ दिसतंय ते बघा: एकावर एक नीट रचलेले दगड, सालीचा आडवा लावलेला तुकडा. कपारीत हात घालू नका. दगडाखाली फुरसं असू शकतं, कड्यात मधमाश्या. आधी काठी, मग टॉर्च, हात शेवटी.

थांबताक्षणी विंडचीटर चढवा. परत निघताना पहिली पाच मिनिटं चाला, उतारावर तर नक्कीच.

डब्याच्या जागेचे दिलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकूनही मी दर वेळी दोन-तीनशे मीटर भलतीकडे पोचते. फोन बिघडलाय का? (वाचक, नाशिक)

फोन ठीक असावा. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. उत्तर अक्षांश 18° 31.250 मधले 250 हे मिनिटाचे हजारांश आहेत. ते तुम्ही 31 मिनिटं 25 सेकंद असे भरलेत, तर सुमारे 310 मीटर उत्तरेला जाल. 18.31250 असे नुसते अंश समजून भरलेत तर वीसेक किलोमीटरचा फरक पडेल! ॲपच्या सेटिंगमध्ये अंश-मिनिटांची पद्धत निवडा. सी-जिओ हे मोफत अँड्रॉइड ॲप डबे आधीच फोनवर साठवून ठेवतं, त्यामुळे रेंज नसली तरी अडत नाही.

इथे सायकलवाटेवर रांगेने डबे आहेत, सारखं उतरावं लागतं. (वाचक, श्टुटगार्ट)

दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर असावं असा खेळाचा नियम आहे, आणि अशा रांगा बरेचदा त्या किमान अंतराच्या जवळपासच बसवलेल्या असतात. वीस डबे म्हणजे जेमतेम सव्वातीन किलोमीटर! सायकलवर हा व्यायाम नव्हे, कवायत झाली. ती रांग पळायला ठेवा: दर सहावा डबा घेतलात की मध्ये जवळजवळ एक किलोमीटर मिळतो. तेवढं जोरात पळायचं, वहीत नाव लिहिण्यात विश्रांती.

सायकलला पाच-सहा किलोमीटरवर एक डबा पुरे. बूट मात्र तळाच्या खाचेत क्लीट (पेडलला अडकणारा तुकडा) बसणारे, माउंटन बाइकचे घ्या. रोडच्या क्लीटवर चिखलात दोन पावलंही धड पडत नाहीत. तुमच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याच्या जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला बंदी आहे, तेव्हा रुंद रस्त्यावर कुलूप लावून पुढे पायी जा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत गोचीड तपासा.

भारतात ट्रेकला येताना सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसताना उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं यंत्र) आणू का? (वाचक, सिएटल)

नको. परवानगीशिवाय तो बाळगणं इथे बेकायदा आहे, विमानतळावरच अडकाल. फोनचं आणि घड्याळाचं जीपीएस चालतं.

गडावर स्वतः डबा लपवायचा आहे. (वाचक, सातारा)

बुरुजाच्या दगडांत तर अजिबात नको. बरेच गड संरक्षित स्मारकं आहेत. जागेच्या मालकाची परवानगी लागते, खड्डा खणून पुरायला मनाई आहे आणि देखभालीला जाता येईल इतकं जवळ तुम्ही राहायला हवं. पायथ्याच्या एखाद्या हॉटेलवाल्याला विचारा, बहुतेक हो म्हणेल. आपल्या पावसात झाकणाला रबराची कडी आणि चार बाजूंना खटके असलेला डबाच टिकतो. वही झिपच्या पिशवीत घाला. ओलसर कागदावर बॉलपेन उमटत नाही, जेलची शाई पसरते. शिसपेन्सिल ठेवा आणि सोबत गिरमिट.