मॉस्कोच्या पुढचा रशिया

प्रश्न : सप्टेंबरात आम्ही दोघं रशियाला जायचं म्हणतोय. टूरवाले मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग सोडून बोलतच नाहीत. तिथले वेगवेगळे लोक, त्यांचं राहणं-खाणं बघायचं तर कुठे जावं? बारा दिवस आहेत. पत्नी शाकाहारी आहे.
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : पीटर्सबर्ग या खेपेला राहू द्या, जी. मॉस्कोत दोन दिवस थांबा आणि रात्रीच्या गाडीने काझान गाठा. ही तातार लोकांच्या तातारस्तान प्रांताची राजधानी. तिथल्या क्रेमलिनच्या, म्हणजे किल्ल्याच्या, एकाच तटाआड 16व्या शतकातलं कॅथेड्रल आहे आणि 2005 साली उभी राहिलेली कुल शरीफ मशीदही. चक-चक जरूर खा. कणकेचे तळलेले तुकडे मधात बांधलेले असतात. त्यात अंडं असतं, वहिनींना चालतं का बघा.

पण खरे दिवस ठेवा ते बुर्यातियासाठी, सैबेरियातल्या बुर्यात लोकांच्या प्रांतासाठी. मॉस्कोहून विमानाने तिथली राजधानी उलान-उदे. शहराबाहेर इवोल्गिन्स्की दात्सान आहे. दात्सान म्हणजे बौद्ध मठ. 1930च्या दशकात तिथले मठ एकामागून एक बंद पाडले गेले; हा 1945 साली उभा राहिला. मी फेब्रुवारीत गेले होते, नाकातला श्वास गोठत होता. आवारात एक काचेचं घर दिसलं. आत शिरताच चष्म्यावर वाफ धरली. पुसून बघते तर बोधिवृक्ष! तेच लांब टोकाचं पान. आपल्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष नागपूरच्या उन्हात उघड्यावर उभा असतो, इथे त्याला थंडीपासून जपायला घर बांधलंय. शेजारच्या बुर्यात आजींनी माझ्याकडे बघून हात जोडले. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण मला तिथून हलवेना.

खाण्याचं म्हणाल तर तिथली शान म्हणजे बूझ. मोदकासारख्या कळ्या पाडून वाफवतात, वरचं तोंड उघडं ठेवतात. आत मटण किंवा बीफ असतं. आधी छोटा घास घेऊन रस्सा ओढून घ्यायचा, मग बाकीचं हातानेच. वहिनींसाठी बटाट्याचे वारेनिकी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, आणि ग्रेचका, म्हणजे कुट्टूचा भात. ‘बेझ म्यासा’, मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करून जा.

रोख पैसे सोबत ठेवा. 2022पासून बाहेरच्या देशांची व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत.

परतताना इर्कुत्स्कपर्यंत दिवसाची रेल्वे घ्या आणि उजव्या हाताची खिडकी मागा. बैकाल सरोवर त्याच बाजूला लागतं, आणि तासन् तास सोबत राहतं.