खानदेशातल्या शाळेत आदिवासींचा इतिहास शिकवायचा, तर सुरुवात कुठून करावी?

सातपुड्यापासून करा. १८५७ म्हटलं की पोरं मेरठ, झाशी सांगतात. पण सेंधवा घाटाची राखण करणारा, इंग्रजांच्याच नोकरीतला भिल्ल खाज्या नाईक त्यांच्यावरच उलटला, भिल्लांचे दुसरे पुढारी भीमा नाईक यांच्यासोबत लढला, एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली, हे शिरपूरच्या मुलांनाही माहीत नसतं! मग नकाशात धरणगाव दाखवा. १८२५ साली इंग्रज अधिकारी आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं तिथलं. भिल्लांना आवरायला भिल्लच का घेतले, यावर वर्गात खुशाल वाद होऊ द्या.

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, पिसं खोवून नाच बसवणं मात्र पुरे झालं. त्यापेक्षा शहादा-तळोद्याकडे सत्तरच्या दशकातली जमिनीची चळवळ पाहिलेले कुणाचे आजोबा असतील, तर त्यांनाच तासाला बोलवा.