तंबाखू नसलेल्या निकोटीनला कायदा कोणाचा?

प्रश्न : ओठाखाली ठेवायच्या निकोटीनच्या पुड्या स्वीडनमध्ये दुकानात राजरोस मिळतात आणि बेल्जियममध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी. युरोपीय संघाची बाजारपेठ एकच ना?

उत्तर : या पुडीत तंबाखूच नसते, सगळा पेच तिथे आहे. संघाचा तंबाखूविषयक निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, २०१४ चा. २० मे २०१६ पासून तो लागू झाला. तंबाखूचे पदार्थ आणि ई-सिगारेट त्यात आले. पुडीत ना तंबाखू, ना धूर, ना वाफ, त्यामुळे ती बाहेर राहिली आणि प्रत्येक देशाने आपापली वाट काढली. बेल्जियमने १ ऑक्टोबर २०२३ पासून विक्री थांबवली. स्वीडनने १ ऑगस्ट २०२२ पासून वेगळा कायदा करून १८ वर्षांची अट घातली. जर्मनीतल्या यंत्रणा तिला परवानगी न मिळालेला नवा खाद्यपदार्थ मानतात, म्हणजे तिथे खाद्यपदार्थांचा कायदा वापरला जातो. ओठाखाली ठेवायच्या तंबाखूचं, म्हणजे ‘स्नूस’चं उलट आहे. त्यावर १९९२ पासून संघभर विक्रीबंदी आहे. १९९५ मध्ये संघात येताना स्वीडनने तेवढी सूट करारातच मिळवली.

प्रश्न : मग ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, सगळ्यांसाठी एकच नियम का करू नये?

उत्तर : आरोग्य हा मुळात सदस्य देशांचा विषय आहे. संघाच्या करारातलं कलम १६८ देशोदेशींचे आरोग्य कायदे एकसारखे करायला, थोडे अपवाद सोडले तर, मनाई करतं. म्हणून संघाला बाजारपेठेच्या कलम ११४ चा आधार घ्यावा लागतो, आणि वेगवेगळ्या नियमांमुळे व्यापार अडतो हे दाखवावं लागतं. ते न जमल्याने ऑक्टोबर २००० मध्ये जर्मनीच्या याचिकेवर संघाच्या न्यायालयाने तंबाखू जाहिरातबंदीचा अख्खा निर्देश रद्द केला. हॉटेलातल्या छत्र्या आणि रक्षापात्रांवरची जाहिरात रोखून व्यापार कसा सुकर होतो, याला उत्तर नव्हतं.

म्हणून ई-सिगारेटची टाकी केवढी हे ब्रुसेल्स ठरवतं. स्वाद आणि वयाची अट देशांकडे राहते. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२४ पासून फक्त तंबाखूचा स्वाद चालतो. एखादा प्रकारच बंद करायचा असेल तर तंबाखू निर्देशाच्या कलम २४(३) प्रमाणे कारणांसह युरोपीय आयोगाला, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेला, कळवावं लागतं. आयोगाला निर्णयासाठी सहा महिने मिळतात. एकदाच वापरायच्या ई-सिगारेटवर बेल्जियमने १ जानेवारी २०२५ पासून बंदी आणली ती याच वाटेने.

आमचं मत स्पष्ट आहे : एका पुडीत निकोटीन जास्तीत जास्त किती, हा आकडा संघानेच ठरवावा. सीमा ओलांडली म्हणून निकोटीनचा शरीरावरचा परिणाम बदलत नाही.

प्रश्न : निकोटीनच्या द्रवाची बाटली १० मिलीपेक्षा मोठी नसते म्हणतात. मग ६० मिलीच्या बाटल्या कशा दिसतात?

उत्तर : निर्देशातली मर्यादा निकोटीन असलेल्या द्रवाला आहे : बाटली १० मिली, टाकी २ मिली, प्रमाण मिलीलिटरला २० मिलिग्रॅम. मोठ्या बाटलीत ५० मिली बिननिकोटीनचा द्रव आणि वर मोकळी जागा असते. ग्राहक त्यात मिलीलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटीन असलेली १० मिलीची कुपी ओततो. १८० मिलिग्रॅम निकोटीन ६० मिलीत पसरलं, की मिलीलिटरला ३ मिलिग्रॅम. कुपी नियमात, बाटली नियमाबाहेर. पण मिसळताना मोजमाप चुकलं किंवा नीट हलवलं नाही, तर पॅकवरचा कुठलाच आकडा खरा राहत नाही.

तिकडे शिकणाऱ्या मुलांनी सुट्टीत घरी येताना यातलं काही सामानात ठेवू नये. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने भारतात ई-सिगारेटच्या आयातीवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परदेशातली खरेदीची पावती दाखवून सुटका होत नाही.