वाचक विचारतात : विमान दोन देशांचे, हमी कोणाची?

प्रश्न : उजळाईवाडीला उतरणारे पंख्यांचे एटीआर विमान फ्रान्स आणि इटली मिळून बनवतात, असे कळले. अशा विमानाच्या परदेशी विक्रीला सरकार मदत करते, म्हणजे कंपनीला पैसे देते का? दोन देशांत वाटणी कशी होते? आमची फौंड्री आहे, निर्यातीसाठी ईसीजीसी या सरकारी पतविमा कंपनीची पॉलिसी घेतो. हा तसाच प्रकार का?
– एक कारखानदार, शिरोली एमआयडीसी

उत्तर : जात तीच, रचना वेगळी. तुमच्या गिऱ्हाइकाने कास्टिंगचे पैसे बुडवले तर भरपाई तुम्हाला मिळते. इथे सरकारची हमी असते ती विमान घेणाऱ्या कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेला. विमान ताब्यात देतानाच कारखान्याला पूर्ण किंमत पोचते. सरकारी तिजोरीतून पैसा निघतो तो विमान कंपनीने हप्ता चुकवला तरच.

हिशेबापुरते विमान 5 कोटी डॉलरचे धरा. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या 2011 च्या विमान करारानुसार हमीचे कर्ज किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत देता येते. सर्वांत चांगल्या पतीच्या कंपनीला 80 टक्केच. आपण 85 टक्के धरू. म्हणजे 75 लाख डॉलर विमान कंपनीने स्वतः घालायचे, 4 कोटी 25 लाख कर्ज. मुदत 12 वर्षे, अपवादाने 15. तिमाही हप्ते 48. मुद्दल समान वाटले तर दर हप्त्याला सुमारे 8 लाख 85 हजार डॉलर, व्याज वेगळे. शिवाय पत पाहून हमीशुल्क लागते, ते निराळे.

एटीआर 1981 पासूनची भागीदारी आहे. आज एअरबस आणि लिओनार्दो यांचा निम्मा-निम्मा वाटा. धड नेपल्सच्या परिसरात बनते, पंख बोर्दोजवळ, जुळणी तुलूझला. हमीही तशीच जुळवतात. एक देश पुढे होऊन बँकेला संपूर्ण हमीपत्र देतो आणि दुसऱ्याच्या वाट्याचा पुनर्विमा त्याच्याकडून घेतो, म्हणजे तेवढी भरपाई दुसरा देश पहिल्याला देतो. बँकेला दोन दारे ठोठवावी लागत नाहीत. फ्रान्सकडून हे काम बीपीआयफ्रान्स ही सरकारी संस्था बघते, इटलीकडून ‘साचे’ (SACE) ही तशीच संस्था. मोठ्या एअरबसमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी असतात. ब्रिटन त्यात आहे कारण पंख वेल्समधल्या ब्रॉटनला बनतात.

बिघडते कुठे? पहिली चूक किमतीत. 85 टक्के काढायचे ते सूट आणि इंजिनवाल्याने दिलेली सवलत वजा केल्यानंतरच्या किमतीवर. दुसरी दलालीत. विक्रीसाठी मध्यस्थ नेमला असेल तर हमीच्या अर्जात ते उघड करावे लागते. एअरबसच्या अर्जांत याबाबत चुकीची माहिती गेल्याचे 2016 मध्ये खुद्द कंपनीनेच कळवले आणि तिन्ही देशांनी नव्या हमी थांबवल्या. पुढे जानेवारी 2020 मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेशी झालेल्या तडजोडीत कंपनीने सुमारे 360 कोटी युरो मोजायचे कबूल केले.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत अवघड, जप्तीची. तारण म्हणजे विमानच. पण ते दुसऱ्या देशात नोंदवलेले असते. म्हणून ताबा घेतानाच विमान कंपनीकडून ‘इडेरा’ नावाचे अधिकारपत्र सही करून घेतात. हप्ता थकला की ते दाखवून धनको नोंदणी रद्द करवतो आणि विमान बाहेर नेतो. कागदावर सोपे आहे. विमानाच्या धनकोंना असे हक्क देणाऱ्या केपटाऊन या आंतरराष्ट्रीय करारात भारत 2008 मध्ये सामील झाला, तरी मे 2023 मध्ये गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली तेव्हा आपल्या दिवाळखोरी कायद्याची वसुली-जप्तीवरची स्थगिती आड आली आणि लीजची विमाने धावपट्टीकडेला अडकली. ऑक्टोबरमध्ये केंद्राने विमानांना त्या स्थगितीतून वगळले, एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 54 विमानांची नोंदणी पाच कामाच्या दिवसांत रद्द करायला सांगितले आणि 2025 मध्ये स्वतंत्र कायदाच आला.

इतक्या दिवसांत तारणाचे काय होते ते बघा. इंजिनातल्या फिरत्या चकतीला ठराविक उड्डाणफेऱ्यांचेच आयुष्य असते आणि ती कारखान्यातून निघाल्यापासूनची प्रत्येक फेरी कागदावर लागते. मधली पाने हरवली, तर चकती हातात घेऊन कितीही चकचकीत दिसो, ती भंगार. उभ्या विमानाचा सुटा भाग काढून दुसऱ्याला लावला आणि नोंद राहिली, तरी तेच. हमीदाराने दर वर्षी विमानाबरोबर दप्तरही तपासावे असा आमचा आग्रह असतो, तो यासाठी.

प्रश्न : ही हमी म्हणजे जागतिक व्यापार संघटनेने मना केलेले निर्यात अनुदान नव्हे का?
– एक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ

उत्तर : ओईसीडीच्या अटींत बसणारे निर्यात कर्ज त्या मनाईतून सुटते, त्याहून स्वस्त दिले की अडकते. आपल्या घोडावतांच्या स्टार एअरकडे ब्राझीलची एम्ब्रेअर विमाने आहेत. 1996 मध्ये कॅनडाने याच कारखान्याच्या विक्रीला मिळणाऱ्या व्याजसवलतीविरुद्ध तक्रार केली आणि 1999 मध्ये निकाल ब्राझीलविरुद्ध गेला. कॅनडाच्याही काही योजना दोषी ठरल्या. 2007 मध्ये विमानांच्या नव्या अटी ठरल्या तेव्हा ब्राझीलही सहीला बसला, आणि सह्या झाल्या रिओलाच.

प्रश्न : भारताने असे काही केले आहे का?
– एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : होय, छोट्या प्रमाणावर. मूळ जर्मन आराखड्याचे डॉर्निअर 228 एचएएल कानपूरला परवान्याने बनवते. त्यातली दोन विमाने मार्च 2024 अखेर गयानाच्या संरक्षण दलाला मिळाली. त्यासाठी आपल्या एक्झिम बँकेने गयाना सरकारला सुमारे 2 कोटी 33 लाख डॉलरची पतमर्यादा दिली होती. अशा व्यवहारात कारखान्याचे पैसे बँक इथेच चुकते करते. फेड गयाना सरकारने करायची.