वाचक विचारतात : ऑलिव्हियाचा खटला

प्रश्न : मी नाशिकला हौशी रंगभूमीवर कामं करते. नुकतीच एका मालिकेसाठी विचारणा झाली आहे, तीन वर्षांचा करार करायचा म्हणतात. ‘गॉन विथ द विंड’मधली मेलनी माझी अत्यंत आवडती. ती साकारणाऱ्या ऑलिव्हिया द हॅविलँडने म्हणे स्टुडिओला कोर्टात खेचलं होतं. नेमकं काय झालं होतं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, मेलनी सगळ्यांना आठवते, खटला क्वचितच कुणाला. मी इथल्या कामगार न्यायालयात वकिली करते. सातपूर-अंबडच्या कामगारांचे कागद चाळताना मला ऑलिव्हिया हमखास आठवते.

त्या काळी हॉलिवूडचे नट-नट्या स्टुडिओचे पगारी नोकर असत. करार सात वर्षांचा. भूमिका नाकारली की बिनपगारी निलंबन, आणि खरी मेख पुढेच : निलंबनाचे दिवस कराराच्या शेवटी जोडले जात. जितक्या वेळा नाही म्हणाल, तितकी सुटका लांबणार! १९४३मध्ये ऑलिव्हियाची सात वर्षं भरली, तरी वॉर्नर ब्रदर्स तिला सोडेना. याच कंपनीशी भांडून अभिनेत्री बेटी डेव्हिस १९३६मध्ये इंग्लंडच्या कोर्टात हरली होती. तरीही ऑलिव्हिया कोर्टाची पायरी चढली.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार कुणालाही सात वर्षांपलीकडे नोकरीला बांधून ठेवता येत नव्हतं. वाद एवढाच, की वर्षं कामाच्या दिवसांवर मोजायची की कॅलेंडरवर? डिसेंबर १९४४मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला : कॅलेंडरवर. खटला चालू असताना वॉर्नर ब्रदर्सचा प्रमुख जॅक वॉर्नरने इतर स्टुडिओंना कळवून तिची कामं अडवली होती. तेव्हा ती लष्करी इस्पितळांत जखमी सैनिकांना भेटत हिंडली. पुढे तिला दोन ऑस्कर मिळाले. पण तो नियम आजही तिच्या नावाने ओळखला जातो, हा मान मला त्याहून मोठा वाटतो. शंभरी ओलांडल्यावरही, २०१७मध्ये, आपल्यावर बेतलेल्या पात्रावरून तिने एका वाहिनीवर दावा लावला. तो ती हरली, आणि कलेच्या स्वातंत्र्यासाठी तो निकाल मला योग्यच वाटतो. २०२०मध्ये, १०४व्या वर्षी, ती पॅरिसमध्ये गेली.

आता तुमचा करार. संपण्याची तारीख आकड्यांत लिहिलीय का, बघा. चित्रीकरण नसलेले दिवस मुदतीत वाढवून घेण्याचं कलम शोधा, ते बहुधा मागच्या पानांवर दडलेलं असतं. सापडलं तर सहीआधी खोडायला लावा, खोडल्या जागी दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.